बैलाच्या पेंढ्यावरची अळंबी

आमच्या घरात भात होळीपर्यंत पुरायचं. पाऊस नीट झाला त्या वर्षी फार तर पाडव्यापर्यंत. त्यानंतर नाचणीची पेज, आणि तिच्याबरोबर आई रानातून जे खुडून आणील ते. बदलापूरला नदीच्या अंगाला आमची दोन तुकडे जमीन होती, त्यातला खालचा तुकडा एक वर्षाआड पुराच्या पाण्याखाली जायचा. भाताची झोडणी आटोपली की बाबा गवताच्या वखारीत गठ्ठे बांधायला जात. संध्याकाळी परतले की त्यांच्या तळहातांत कुसळं रुतलेली असायची, आणि मी नि धाकटी बहीण दिव्याजवळ बसून सुईनं ती काढायचो. हे दया यावी म्हणून लिहीत नाही. वाडीत सगळ्यांकडे असंच होतं आणि कुणी कुणाची कीव करत नसे. ज्यांना आमची कीव करायची होती ती माणसं पुढे भेटली, आणि त्यांना मी ती करू दिली नाही.

आई डोक्यावर पाटी घेऊन भाजी विकायची. आधी अंबरनाथ पूर्वेला, कारखान्यातल्या साहेब लोकांच्या दारी. फाळणीनंतर उल्हासनगरच्या लष्करी बराकी सिंधी माणसांनी भरल्या, तेव्हा वाडीतले लोक म्हणाले, तिकडं कशाला जायचं, आपली भाषा नाही, आपली रीत नाही. आई म्हणाली, "भूक तर आपलीच हाय ना?" आणि तिथल्या कॅम्प चारला जायला लागली. दोन-तीन वर्षांत ती हिंदीत घासाघीस करायला शिकली. तिची हिंदी ऐकून आम्ही हसायचो. पाटी रिकामी करून यायची ती मात्र त्याच हिंदीनं.

मी शिकले ती बाबांच्या हट्टामुळे. खालच्या तुकड्याबद्दल सरकारी नोटीस आली होती. बाबांना वाचता येत नव्हतं. स्टेशनवरच्या एका सद्गृहस्थांनी ती वाचून दाखवली आणि गंमत म्हणून शेवटी आपल्या पदरचं एक वाक्य जोडलं, की तुला तुरुंगात जावं लागणार. बाबा दोन दिवस जेवले नाहीत. खरं कळलं तेव्हा त्यांनी मला उचललं आणि शाळेत नेऊन बसवलं. मग मी थांबले नाही. मराठी सातवी झाले, मॅट्रिक झाले, फीमाफीची नादारी मिळवून मुंबईच्या कॉलेजात गेले आणि वनस्पतिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले. वाडीतल्या मुलींत पहिली, असं लोक सांगतात. मुलग्यांतसुद्धा माझ्या आधी कुणी नव्हतं, तेवढं सांगायचं ते विसरतात.

पदवी झाली आणि नोकरी मिळेना. अंबरनाथच्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत जागा होती. तिथल्या साहेबांनी कागद पाहिले, मग माझ्या चपलांकडे पाहिलं, मग म्हणाले, "बाईमाणसाची इथं सोय नाही." मी म्हटलं, "सोय करावी लागते." त्यांना ते आवडलं नाही. जागा गेली. आजही तो प्रसंग आला तर मी तेच म्हणेन.

माझे काका आमच्या शेजारच्याच घरात राहायचे. ते दुष्ट नव्हते, पण बोलल्याशिवाय त्यांना घास गिळवत नसे. मी घरी बसले हे पाहून ते रोज संध्याकाळी ओट्यावर यायचे.

"काय गो बीएस्सी, आज कुठली झाडं मोजलीस?"

"तुमच्या परसातली. दोन वाळलीत. पाणी घाला."

"बघ दादा," ते बाबांना म्हणायचे, "एकीला शिकवलीस, ती उत्तरं द्यायला शिकली. आता धाकटीला तरी घरात ठेव."

इथं सगळं अडलं होतं. धाकटी त्या वर्षी सातवीला होती. पुढचं हायस्कूल म्हणजे आमच्यासाठी कल्याण. फी आणि रेल्वेचा पास एवढा पैसा बाबांनी वखारीच्या मजुरीतून बाजूला ठेवलेला होता, पण त्यांचं मन डळमळायला लागलं होतं. मी शिकून घरी बसले होते, आणि माझ्याकडे बघून धाकटीचं ठरणार होतं.

मला एक गोष्ट ठाऊक होती. आमच्या प्राध्यापकांनी शेवटच्या वर्षी एक छापील पत्रक दिलं होतं, दक्षिणेकडच्या एका शेतकी कॉलेजचं. भाताच्या पेंढ्यावर खाण्याची अळंबी कशी पिकवावी, याची सगळी कृती त्यात होती. पेंढा भिजवायचा, थर लावायचे, बियाणं घालायचं आणि दोन आठवड्यांत तोडणी. त्याला होळीनंतरचा उकाडाच लागतो, आणि तेव्हा तर आमच्या शेतात काहीच नसतं. मी प्राध्यापकांना पत्र लिहिलं. त्यांनी पुढे लिहिलं. होळीच्या सुमारास बदलापूर स्टेशनवर पार्सल आलं. भुशात गुंडाळलेल्या तीन बाटल्या, आत पेंढ्याचे तुकडे आणि त्यांवर कापसासारखी पांढरी बुरशी.

आईनं बाटली उजेडात धरली. "हे बियाणं? ह्याला तर बी नाय."

"हे विरजण समज. दुधात घालतेस तसं पेंढ्यात घालायचं."

"असं सांग ना मग," ती म्हणाली, आणि त्या क्षणापासून ती त्याला विरजणच म्हणत आली. कॉलेजात तीन वर्षं काढून मला यापेक्षा चांगला शब्द सापडला नव्हता.

आता हवा होता पेंढा. आमच्याकडे पेंढा म्हणजे बैलांचं पोट. झोडणी झाली की अंगणाच्या कडेला त्याची उडवी रचायची, आणि पाऊस पडून हिरवं गवत येईपर्यंत बैल तिच्यावर जगायचे. मी बाबांकडे शंभर पेंढ्या मागितल्या.

काका ओट्यावर होतेच. "शंभर! आणि बैलांनी काय खायचं? तुझं सर्टिफिकेट?"

"तुम्ही गप्प बसलात तर तेवढं गवत वाचेल," मी म्हटलं. आईनं आतून माझं नाव घेऊन हाक मारली, म्हणजे आता पुरे.

बाबा दुसऱ्या दिवशी सकाळी, वखारीत जाण्यापूर्वी, डोक्याला फडकं गुंडाळता गुंडाळता म्हणाले, "घे पेंढा. पण समजून घे. वाया गेला तर वैशाखात मला विकत आणायला लागंल. घरात पैसा आहे तो धाकटीच्या फीचा नि पासाचा. तोच जाईल. मग ती यंदा घरी. आणि एकदा घरी बसलेली पोर पुन्हा शाळेत जात नाय, हे तुला मी काय सांगू?"

धाकटी उंबऱ्यावर नाचणी निवडत होती. तिनं सगळं ऐकलं. बाबा गेल्यावर मला विचारलं, "ताई, तुला येतं ना ते?"

"येतं," मी म्हटलं. मी ते फक्त छापील कागदावर पाहिलेलं होतं.

बाबांनी शंभर पेंढ्या काढून दिल्या त्या उडवीच्या बुडातल्या. जमिनीलगतच्या, काळपट, ओल लागलेल्या. माथ्यावरचा सोनेरी पेंढा बैलांचा. मला त्यात काही वावगं दिसलं नाही. कुठल्याही शेतकऱ्यानं हेच केलं असतं.

गोठ्याला लागून पडवी होती, ती मी निवडली. पत्रकात लिहिलं होतं, जागा स्वच्छ असावी. मी आईला सांगितलं, आई, जागा स्वच्छ हवी. आणि आईनं, जी झोडणीच्या आधी खळं असं सारवते की सांडलेला दाणा दाणा वेचून घ्यावा, तिनं ताजं शेण आणून पडवी भिंतीपासून भिंतीपर्यंत सारवली. सत्तर पेंढ्या दिवसरात्र हौदात भिजवून आम्ही दोन वाफे रचले, उभा थर, आडवा थर, प्रत्येक थराच्या कडेनं बाटलीतलं बियाणं आणि त्यावर चिमूट चिमूट तुरीच्या डाळीचं पीठ. पिठाचा डबा पाहून आई भडकली.

"माणसांना डाळ मिळत नाय नि तू पेंढ्याला भरवतेस?"

"त्याचा खाऊ आहे तो."

"लाडाचं लेकरू झालंय!"

पण रचून झालं तेव्हा तिनंच शेणकाला आणला आणि दोन्ही वाफ्यांभोवती रिंगण घातलं. खळ्यात भाताची रास झाली की आमच्याकडे घालतात तसं, बाहेरच्याची नजर आत जाऊ नये म्हणून. मी उभी राहून बघत होते. मला बरं वाटलं. पुस्तकातली गोष्ट आमच्या घरची झाली असं वाटलं. पदवी घेतलेली मी होते, आई नव्हती. तेव्हा पुढे जे झालं तो दोष तिच्याकडे जात नाही.

सातव्या दिवशी पहाटे धाकटी ओरडत आली. "ताई, आली! आली!"

आली होती. शेकड्यांनी. लांब, बारीक मानेची, करड्या टोपीची अळंबी दोन्ही वाफ्यांवर उभी होती, एका रात्रीत. मी इतक्या मोठ्यानं हसले की बैल बिचकले. आईनं हळदकुंकू आणलं. शेजारच्या बायका आल्या, पोरं आली, काका आले. काका वाकून वाकून वाफे बघत होते, आणि मी ते मनापासून भोगलं. मी म्हटलं, "काका, मोजा आता."

दुपारी जेवून पडवीत गेले तर टोप्यांच्या कडा वितळत होत्या. शाई गळावी तसा काळा रस पेंढ्यावरून ओघळत होता. संध्याकाळपर्यंत तिथं अळंबी उरली नव्हती, नुसता काळा चिखल आणि कुजका वास.

काका पुन्हा आले. "अगो, हे तर इख हाय! बरं झालं कुणी खाल्लं नाय. दादा, तुझ्या पोरीनं शिकून काय लावलं बघ. कुत्र्याच्या छत्र्या! त्यापण काळ्या!"

गर्दीतल्या कुणीतरी म्हटलं, पोरीच्या जातीला एवढं शिकवलं की असंच होतं. कोण बोललं ते मला माहीत आहे. बाबा नुकतेच वखारीतून आले होते, हात धुतले आणि आत गेले. धाकटी कुसळं काढायला सुई घेऊन बसली.

मला रडायला आलं नाही. राग आला, आणि रागातच आठवलं. दुसऱ्या वर्षाला आमच्या प्राध्यापकांनी काचेच्या हंडीखाली घोड्याची लीद ठेवली होती. आठवड्यानं तिच्यावर हीच अळंबी उगवली. त्यांनी तिचा रस टाकात घेऊन कागदावर लिहूनही दाखवलं. मी तिची आकृती काढली होती, आणि त्या आकृतीला मला वर्गात सगळ्यांत जास्त गुण होते. कागदावर ओळखली, घरात समोर उभी राहिली तेव्हा हळदकुंकू लावलं! शेणावर येणारी अळंबी शेणावरच आली होती. पत्रकातलं 'स्वच्छ' आणि आमच्या घरातलं स्वच्छ यांत शेणाचा फरक होता, आणि तो ओळखायला मी एकटीच शिकलेली होते. त्यात बुडातला कुजत आलेला पेंढा, म्हणजे तिला आयतं जेवण.

दुसऱ्या दिवशी मी फावडं घेतलं आणि पडवीची जमीन खरवडायला लागले. सारवणाचे थर निघत गेले, वर्षावर्षांचे, आईच्या आणि तिच्या सासूच्या हातचे. खाली मुरूम लागेपर्यंत मी थांबले नाही. वर चुना ओतला.

आई दारात उभी. "नांदत्या घरात उघडी जमीन? लोक काय समजतील? घरात कोण मेलं?"

"कुणी मेलं नाही. शेण नको म्हणजे नको."

"शेणानं कुणाचं वाईट झालंय?"

"माझं झालं ना. आता एक महिना ह्या पडवीत तुझा हात लागायचा नाही. विरजणाच्या भांड्याला तू आंबट हात लावू देतेस का कुणाला?"

ती बडबडत आत गेली. पण दोन दिवस पडवीत आली नाही. तिसऱ्या दिवशी पाहिलं तर गोठा आणि पडवी यांच्यामध्ये तिनं जुन्या गोणपाटाचा पडदा शिवून लावला होता, बैलांकडचं काही उडून येऊ नये म्हणून.

माझ्याकडे एक बाटली उरली होती आणि न वापरलेल्या तीस पेंढ्या. त्या मी बाबांपुढे नेऊन ठेवल्या. "ह्या बैलांना घाला. मला बदल्यात तीस माथ्यावरच्या पाहिजेत. सोनेरी, कोरड्या, एकही काळी काडी नको."

काका हसले. "सत्तर घालवल्या, आता चांगल्याच मागते! हिंमत बघ पोरीची."

मी काकांकडे वळलेही नाही. बाबांना म्हटलं, "चूक झाली ती का झाली ते मला कळलंय. तुम्हाला समजावून सांगू शकते. सांगू?"

"सांग."

मी सांगितलं. लीद, काचेची हंडी, शेण, बुडातला पेंढा, सगळं. बाबा ऐकत होते तसं त्यांना ऐकताना मी पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. मग त्यांनी लुंगी खोचली, उडवीवर चढले आणि माथ्यावरून एकेक पेंढी निवडून खाली टाकायला लागले. सतराव्या पेंढीला थांबले, ती हुंगली, बाजूला टाकली, दुसरी घेतली. काका घरी गेले.

एकच वाफा रचला. ह्या वेळी वाट बघणं फार कठीण होतं. सातवा दिवस गेला, काही नाही. आठवा, काही नाही. आत हात घालून बघायची मला भीती वाटत होती. बाबांनीच हात घातला. ओला पेंढा आतून तापतो हे त्यांना माझ्याआधी, पत्रकाआधी माहीत होतं.

"ऊब हाय," ते म्हणाले. "वास पण कुजका नाय. भात शिजल्यावानी येतो. थांब अजून."

अकराव्या दिवशी पेंढ्याच्या कडेला मोहरीएवढे पांढरे ठिपके दिसले. चौदाव्या दिवशी ते पारव्याच्या अंड्याएवढे झाले, करडे, गुळगुळीत, हातात घट्ट. मी ती अळंबी टोपी उघडायच्या आत खुडली. दुपार झाली तरी वितळली नाही. एक चिरून पाहिली, आत पांढरं स्वच्छ.

आता वाडीचं म्हणणं पडलं की चांदीचा रुपया घालून शिजवा, रुपया काळा पडला तर विषारी. म्हातारी माणसंही तेच म्हणत होती. मी साफ नाही म्हटलं. चांदीला अळंबीतलं काही कळत नाही, तिच्या भरवशावर माणसं मेली आहेत. मला ही अळंबी कोणती ते माहीत होतं, आणि माहीत आहे म्हणून मी ती खाणार होते. अंगणात सगळ्यांसमोर चूल मांडली, कांदा, मिरची, मीठ घालून परतली आणि पहिला घास घेतला. दुसरा घ्यायच्या आत आईनं माझ्या हातातली थाळी ओढली.

"अर्धी मला."

"अगं, थांब तरी! आधी मला काही होतं का बघ ना!"

"तुला झाल्यावर मी राहून काय करू?" तोंड भरलेलंच होतं तिचं. मग चावता चावता म्हणाली, "मीठ कमी घातलंस."

काका दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही जिवंत आहोत का ते बघायला आले. आहोत असं दिसल्यावर त्यांनी रुपयाचा विषय पुन्हा काढला नाही.

दोन पाट्या भरून आई नि मी निघालो. अंबरनाथ पूर्वेच्या नेहमीच्या बंगल्यात आईला चांगलं ओळखत. तिथल्या बाईंनी पाटीवरचं फडकं उचललं आणि पटकन टाकलं. "हे काय? कुत्र्याची छत्री? शी, शी, भेंडी नाही का आज?" मी म्हटलं, "बाई, मी स्वतः पिकवली आहे, मी बी.एस्सी. आहे." त्या म्हणाल्या, "मग तू भाजी का विकतेस?" आणि माझ्याकडे कीव करून बघितलं. मी म्हटलं, "कारण ही मला पिकवता येते." आई माझा पदर ओढत मला बाहेर घेऊन आली. पुढच्या सहा दारांतही तेच झालं. ऊन वर चढत होतं, आणि ही अळंबी दुपारनंतर उघडते, मग तिला कुणी घेत नाही.

तिथून कॅम्प चार पायी. आईची तिथली एक गिऱ्हाईक होती, पापडवाली म्हातारी. बराकीच्या व्हरांड्यात पापड लाटायची आणि तिथंच विकायची. आई तिला अम्मा म्हणायची. अम्मानं फडकं उचललं आणि लाटणं हातातून खाली ठेवलं.

"खुंभी!"

आईनं माझ्याकडे बघितलं. शब्द आम्हाला नवीन होता, पण तिच्या चेहऱ्यावरून कळलं की सिंधीत अळंबीला काय म्हणतात. अम्मानं एक उचलली, नाकाशी नेली, दाबली, आणि मग तिचे डोळे बारीक झाले.

"ये रेत की नहीं है. हमारी खुंभी रेत में होती थी, बादल गरजने के बाद. ये कहाँ की है?"

"पेंढे की," आई म्हणाली. "भात का पेंढा. मेरी बेटी ने लगाया."

"घास पे लगाई?" अम्मा हसायला लागली. "नकली खुंभी! अरे बाई, सात साल से खुंभी नहीं देखी, तो क्या नकली खिलाएगी?"

"खाऊन तर बघा," मी म्हटलं. मराठीतच म्हटलं. "मग नकली म्हणा."

अम्मानं माझ्याकडे वर-खाली पाहिलं. "बड़ी तेज है तेरी छोरी."

"बीएस्सी है," आई म्हणाली. हा शब्द तिच्या तोंडून इतक्या ताठपणे मी पहिल्यांदा ऐकला.

आईनं भाव सांगितला, आणि अम्मानं शेगडीवर कढई ठेवली. कांदा, टोमॅटो, धणे, आणि आमची खुंभी. शेजारच्या खोल्यांतून दोन बायका वास घेत आल्या आणि व्हरांड्याच्या कठड्यावर बसल्या. अम्मानं खाल्लं. सावकाश खाल्लं, अजून एक घास घेतला, बायकांना दिलं. धाकटीची परीक्षा पंधरा दिवसांवर होती, आणि ती अजूनही रोज अभ्यास करत होती.

"रेत की बात अलग थी," अम्मा शेवटी म्हणाली. मग पदरानं तोंड पुसलं. "कल कितनी लाएगी?"

"तुम बोलो कितनी," आईनं विचारलं.

"जितनी है. पर बंद मुँह वाली. खुली हुई लाई तो वापस. और भाव आज वाला नहीं, आज तो मैंने पहली बार चखी."

"भाव वही रहेगा," मी हिंदीत म्हटलं. हिंदी माझी आईसारखीच होती. "नकली का भाव नहीं, खुंभी का भाव."

त्या दोन्ही बायका हसल्या. अम्मा हसली नाही, पण भाव तोच राहिला. दोन्ही पाट्या तिथंच रिकाम्या झाल्या.

परत येऊन मी आधी पत्र लिहिलं आणि सहा बाटल्या मागवल्या. त्या येईपर्यंत वाफ्यावर दुसरा बहर आला, लहान, पण आला. नव्या बाटल्या आल्यावर बाबांनी न मागता उडवीच्या माथ्यावरचा पेंढा काढला. गवताच्या वखारीतून ते दुपारीच घरी यायला लागले आणि भिजवलेल्या पेंढ्या पायानं दाबून पाणी निथळायचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं. "ह्यात तुझ्या कॉलेजाचं काय नाय," ते मला म्हणाले, "हे माझं काम." होतंच ते त्यांचं. माझ्यापेक्षा त्यांना नेमकं कळायचं की किती ओल पुरे. वैशाखात त्यांना पेंढा विकत आणावा लागला, तो त्यांनी आणला, पण अळंबीच्या पैशातून. काका एका संध्याकाळी आले आणि उडवीकडे बघत म्हणाले, "आमच्या पण पडवीत जागा हाय थोडी."

"शेणानं सारवलेली आहे?" मी विचारलं.

"म्हणजे काय! आपण काय जनावरं हाय?"

"मग आधी खरवडा," मी म्हटलं, आणि त्यांच्या हातात फावडं दिलं. बाबा आत तोंड फिरवून हसत होते. काकांनी फावडं घेतलं. त्यांच्या पडवीत मी पहिला वाफा माझ्या हातानं रचून दिला, कारण राग एका ठिकाणी आणि पेंढा दुसऱ्या ठिकाणी.

धाकटी सातवी पास झाली. जूनमध्ये ती कल्याणच्या हायस्कुलात आठवीला बसली. फीचा आणि पासाचा जो पैसा बाबांनी ठेवला होता तो त्यांनी मोडला नव्हता, तोच तिच्या कामी आला. पुढच्या वर्षांची फी पेंढ्यावरच्या अळंबीतून भरली. दोन्ही बैल आमच्या दावणीला राहिले. चार वर्षांनी धाकटी मॅट्रिक पास झाली.